आधी दारू सोडून या, मग गोळ्या : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी सोलापूरला राहते आणि गेली 24 वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. हे पत्र दारूच्या व्यसनात जेवण सुटून, जीवनसत्त्वांअभावी गेलेल्या माझ्या थोरल्या भावाच्या डोळ्यांविषयी आहे, आणि त्याच्यासारखी दृष्टी गेलेल्या त्या सगळ्या माणसांविषयी आहे ज्यांची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. दादाला विचारूनच मी लिहिते आहे. माझे नाव घालू नकोस, बाकी काही लपवू नकोस, असे त्याने सांगितले.

जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्कवाढीचा निर्णय घेतला. त्यातून वर्षाला सुमारे 14,000 कोटी रुपये जादा मिळतील, असे सांगितले गेले. देशी दारूची 180 मिलिलिटरची बाटली किमान 80 रुपयांना, नव्याने आणलेल्या महाराष्ट्र मेड लिकरची 148 रुपयांना, असे दरही ठरले. ती बातमी मी दादाला वाचून दाखवली, कारण त्याला आता वर्तमानपत्र वाचता येत नाही. करवाढीला माझा विरोध नाही. दारू महागली म्हणून कमी पिणारे लोक असतात, आणि ते वाढावेत असेच मला वाटते. पण ज्याला व्यसन जडले आहे तो माणूस बाटली कमी करण्याआधी ताट कमी करतो, हे मी माझ्या माहेरच्या घरात 11 वर्षे पाहिले आहे. त्या ताटातून जे नाहीसे झाले त्यानेच दादाचे डोळे नेले. तेव्हापासून एकच प्रश्न मनातून जात नाही : येणाऱ्या 14,000 कोटींतले किती रुपये या डोळ्यांसाठी आहेत?

दादा वयाच्या 19व्या वर्षापासून टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. मागाचा आवाज नुसता ऐकून कोणता धागा तुटला ते तो सांगत असे. पुढे रात्रपाळ्या वाढल्या, त्या संपल्या की सोबत्यांबरोबर बसणे वाढले, आणि मग बसायला सोबती असण्याचीही गरज राहिली नाही. वहिनी घरी विड्या वळते. सोलापुरातल्या हजारो बायकांप्रमाणे तिच्याच मिळकतीवर घर चालले. ती सकाळी भाकऱ्या थापून ठेवी आणि संध्याकाळी त्या तशाच असत. शेवटची 3 वर्षे दादाचे जेवण म्हणजे दारूबरोबरची शेव आणि दुपारचा चहा एवढेच उरले होते. ज्या गावची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी लोक मुद्दाम बांधून नेतात, त्या गावातला एक कामगार कुपोषणाने आंधळा झाला, हे वाक्य लिहितानाही मला जड जाते.

2022 च्या दिवाळीच्या सुमारास त्याच्या हातून कामात चुका होऊ लागल्या. तपकिरी किनारीच्या टॉवेलला त्याने लाल बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, कांडी भरली, आणि तेही एकदा नव्हे, एका पाळीत तीनदा. मालकाने नुकसानीचे पैसे मजुरीतून कापले आणि तो पिऊन कामावर येतो असा ठपका ठेवला. त्या दिवसांत तो कामावर पिऊन जात नव्हता. त्याला लाल आणि तपकिरी यांतला फरकच दिसत नव्हता. माणसांचे चेहरे मधोमध धुरकट दिसत. पन्नासची नोट समजून तो दुकानदाराला पाचशेची देऊन येई. दुपारच्या उन्हात त्याला आणखी कमी दिसे. डोळे दुखत नव्हते, लाल होत नव्हते, पाणी येत नव्हते. आणि चालताना तो कशालाही धडकत नव्हता, कारण बाजूची नजर शाबूत होती. याच एका गोष्टीने त्याचा सर्वांत मोठा घात केला. ठेच लागत नाही तर आंधळा कसला, कामाचा कंटाळा आला म्हणून सोंग करतोय, असे कारखान्यात म्हणाले, गल्लीत म्हणाले, आणि मला कबूल केले पाहिजे की पहिले 2 महिने मीही मनातून तसेच समजत होते.

पुढचे 7 महिने कसे गेले ते सांगते. प्रथम एका दुकानातून चष्मा घेतला, उपयोग झाला नाही. दुसरा नंबर काढला, उपयोग झाला नाही. एका नेत्रतपासणी शिबिरात मोतीबिंदू नाही, पडदा चांगला आहे, काळजीचे काही नाही, असे लिहून मिळाले. एका सरकारी रुग्णालयात, तो दारू पितो हे कळताच, हातभट्टीची प्यायला असेल, त्यात डोळे जातातच, असे ऐकवले गेले आणि तपासणी तिथेच थांबली. शेवटी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या तरुण डॉक्टर मुलीने डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटलीचे लाल झाकण हातात घेतले, ते दादाच्या नजरेसमोर धरले आणि रंग विचारला. तो म्हणाला, मातकट. तिने तेच झाकण हळूहळू कडेला नेले आणि पुन्हा विचारले. तो म्हणाला, आता लाल झाले. दोन्ही डोळ्यांचे उत्तर एकच होते. 7 महिन्यांत जे कोणाला कळले नाही ते एका झाकणाने 1 मिनिटात कळले. रक्तात बी-12 आणि फोलेट ही दोन्ही जीवनसत्त्वे कमी निघाली. मेंदूत गाठ वगैरे नाही याची खात्री करून घेऊन लगेच इंजेक्शने सुरू झाली. पण तोपर्यंत दृष्टीच्या नसेचा एक भाग फिका पडला होता. डॉक्टरांच्या बोलण्यात, नस सुकायला लागली होती.

पोषणाअभावी दृष्टीची नस सुकण्याच्या या विकाराबद्दल तेव्हापासून मी पुष्कळ वाचले, डॉक्टरांना विचारून समजून घेतले. आपल्या खात्यातल्या तज्ज्ञांना हे ठाऊक असणारच; हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी मी ते थोडक्यात मांडते. डोळ्याच्या पडद्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत लाखो तंतू असतात. त्यांतले जे तंतू मधल्या, बारकाव्याच्या नजरेचे काम करतात ते अतिशय बारीक असतात आणि त्यांना सतत ऊर्जा लागते. ही ऊर्जा पेशींच्या आतल्या मायटोकॉन्ड्रियांत तयार होते, आणि त्या कामाला थायमिन म्हणजे बी-1, बी-12, फोलेट अशी जीवनसत्त्वे लागतात. ती आटली की हेच बारीक तंतू आधी उपाशी पडतात. म्हणून नजरेच्या मध्यावर डाग येतो, रंग आणि विशेषतः लाल रंग फिका होतो, दोन्ही डोळे जवळजवळ बरोबरीने जातात आणि बाजूची नजर मात्र टिकते. पहिल्या काही आठवड्यांत नस तपासणीला निरोगी दिसू शकते, म्हणूनच पडदा चांगला आहे या शेऱ्यावर रुग्ण परत पाठवला जातो. नस फिकी दिसू लागते तेव्हा पुष्कळ काही हातचे गेलेले असते.

दारूचा यातला वाटा दुहेरी आहे. 1 ग्रॅम अल्कोहोलमधून सुमारे 7 कॅलरी मिळतात, त्यामुळे भूक मरते, पण त्या कॅलरींत जीवनसत्त्वाचा कणही नसतो. शिवाय जे काही थोडे खाल्ले जाते त्यातले थायमिन आणि फोलेट आतड्यातून नीट शोषले जात नाही, आणि खराब झालेले यकृत साठा करू शकत नाही. शरीरात थायमिनचा साठा मुळातच 2 ते 3 आठवड्यांपुरता असतो. त्यात विडी-तंबाखूची भर पडली की धोका आणखी वाढतो. जुन्या पुस्तकांत या विकाराचे नावच तंबाखू आणि दारू यांच्यावरून ठेवलेले होते.

ते नाव अपुरे आहे हे जगाला कळून 80 वर्षे झाली. 1944 मध्ये फ्रँक कॅरॉल या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने असे रुग्ण घेतले, त्यांची दारू आणि तंबाखू चालू ठेवूनच त्यांना चांगला आहार आणि बी जीवनसत्त्वे दिली, आणि त्यांची नजर सुधारली. दुसऱ्या महायुद्धात अतिपूर्वेत जपानने पकडलेल्या युद्धकैद्यांच्या छावण्यांत, जिथे दारूचा थेंब नव्हता, तिथे उपासमारीने सैनिकांची मधली नजर अशीच गेली. 1991 नंतर क्युबामध्ये सोव्हिएत मदत तुटून अन्नटंचाई झाली आणि 50,000 हून अधिक लोकांना नजरेचा आणि हातापायांच्या नसांचा हा विकार जडला. अर्धपोटी राहून विड्या-सिगारेटी ओढणाऱ्यांना तो अधिक झाला. 1993 मध्ये तिथल्या सरकारने सगळ्या जनतेला बी जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटल्या आणि साथ ओसरली. गोळी देण्याआधी कोण पितो आणि कोण ओढतो याची चौकशी त्यांनी केली नाही.

म्हणून, महोदय, माझी सर्वांत मोठी तक्रार पुढील गोष्टीची आहे. निदान झाल्यावर गोळ्यांसाठी दर महिन्याला मोठ्या रुग्णालयात जाणे जमेना, तेव्हा आम्ही घराजवळच्या एका आरोग्य केंद्रात गेलो. तिथे चिठ्ठी वाचून सांगण्यात आले की आधी दारू सोडून या, मग गोळ्या. असे सांगणाऱ्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. दारू सुटावी असेच त्याला वाटत असणार. दादाही त्या वेळी सोडण्याच्या प्रयत्नात होता, दोनदा सोडून पुन्हा घसरला होता, आणि त्या उत्तरानंतर तो 6 आठवडे कोणत्याही दवाखान्याची पायरी चढला नाही. ते 6 आठवडे त्याच्या डोळ्यांना परवडणारे नव्हते. मधुमेही माणसाला आधी साखर सोडून या, मग इन्सुलिन देतो, असे आपण म्हणत नाही. दारू सुटणे आवश्यकच आहे, दारू चालू राहिली तर आज मिळालेला सुधार उद्या जाऊ शकतो, हे मला पूर्ण मान्य आहे. पण दारू सुटायला महिने लागतात, कधी वर्षे लागतात, आणि नस तेवढे थांबत नाही. थायमिन हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतले स्वस्त औषध आहे. ते द्यायला चारित्र्याचा दाखला मागू नये.

दुसरी तक्रार मोजणीची. मेथेनॉलची विषारी दारू पिऊन माणसे मरतात किंवा आंधळी होतात तेव्हा सगळ्या राज्याला कळते. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत 100 हून अधिक माणसे गेली, अटका झाल्या, चौकशी झाली, आणि ते व्हायलाच हवे होते. मेथेनॉलने नजर जाते ती एक-दोन दिवसांत, विषासारखी. दादाची नजर गेली ती परवान्याच्या दुकानातल्या, सरकारचे शुल्क भरलेल्या, शिक्का असलेल्या दारूच्या सोबतीने, महिनोन्‌महिने. तिला कोणी जबाबदार नाही आणि तिचा आकडाही नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. त्याने मोतीबिंदूचे केवढे मोठे काम केले हे आमच्या आईच्या दोन्ही डोळ्यांनी अनुभवले आहे. मुलांना जीवनसत्त्व अ चे डोस घराघरापर्यंत पोचतात. पण कुपोषणाने प्रौढ माणसाची नस सुकते हा प्रकार शिबिरांच्या तक्त्यात कुठे बसतच नाही. तो इतर या रकान्यात जातो आणि तिथेच विरतो. केंद्र सरकारच्या 2019 च्या व्यसनविषयक सर्वेक्षणानुसार देशात 5.7 कोटींहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, आणि दारूचे व्यसन जडलेल्या 38 जणांत एखाद्यालाच काही ना काही उपचार मिळतो. बाकीच्या 37 जणांच्या डोळ्यांकडे कोण पाहते?

तिसरी गोष्ट आणीबाणीच्या उपचारांची आहे. पिऊन पडलेल्या माणसाला दवाखान्यात आणले की सलाईन चढते, पुष्कळदा ग्लुकोजचे. ज्याच्या शरीरात थायमिन संपत आले आहे त्याला थायमिन न देता नुसते ग्लुकोज दिले तर उरलेसुरलेही त्या साखरेच्या ज्वलनात खर्च होते, आणि वेर्निकेचा आजार ओढवू शकतो : डोळ्यांची हालचाल अडते, एकाची दोन माणसे दिसतात, तोल जातो, भ्रम होतो. कार्ल वेर्निके याने तो 1881 मध्ये वर्णन केला. वेळीच थायमिन मिळाले नाही तर जीव जातो, किंवा जीव वाचून स्मरणशक्ती जाते. साखर फार उतरली असेल तर ग्लुकोज थांबवून ठेवा असे कोणी म्हणणार नाही, पण थायमिनचे इंजेक्शन सोबत द्यायला काय अडचण आहे? दादाला 2021 मध्ये असाच एकदा रात्री नेला होता. रात्रभर बाटल्या लागल्या आणि सकाळी घरी पाठवले. त्या कागदावर थायमिनचा उल्लेख नाही. तो कागद मी जपून ठेवला आहे.

क्षयरोगाबद्दलही लिहायला हवे, जरी दादाला तो झाला नाही. आमच्या यंत्रमागाच्या वस्त्यांमध्ये क्षय नवा नाही, आणि जो उपाशी राहून पितो त्याला तो लवकर धरतो. क्षयाच्या नेहमीच्या 6 महिन्यांच्या उपचारात एथॅम्ब्युटॉल हे औषध सुरुवातीपासून शेवटपर्यंत असते. ते गरजेचे आहे, पण काही जणांत तेही याच नसेला इजा करते, आणि लक्षणेही अशीच असतात : मधली नजर धूसर, लाल रंग फिका. म्हणजे ज्याची नस आधीच उपाशी आहे त्याला आपण नसेला धोका असलेले औषध देतो, आणि सुरू करण्यापूर्वी त्याला अक्षरे किती दिसतात, रंग ओळखता येतात का, एवढेही सगळीकडे तपासले जात नाही. क्षयरुग्णाला पोषणासाठी नोव्हेंबर 2024 पासून महिना 1,000 रुपये मिळतात, हे चांगले आहे. पण व्यसनी माणसाच्या हाती आलेल्या 1,000 रुपयांचे काय होते हे आम्हा घरच्यांना कोणी विचारलेले नाही.

आणखी एक तक्रार छोटी आहे, पण तिने आम्हाला फार दुखावले. दादाच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आम्ही गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसाने कागद चाळून, हे तर त्याने स्वतःच ओढवून घेतलेले आहे, असे म्हटले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 40 टक्के ही मर्यादा आहे, आणि अपंगत्व कशामुळे आले यावरून ते नाकारावे असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या अतिसेवनाशी निगडित मनोवस्थेला आजार मानले आहे. कायद्याने आजार म्हणायचे आणि खिडकीवर पाप म्हणायचे, या दोहोंच्या मध्ये माझा भाऊ दीड तास उभा होता. वहिनी मला म्हणाली, ताई, चला घरी, नको ते प्रमाणपत्र. मी तिला थांबवले. अर्ज पुढे गेला तो मी शिक्षिका आहे, कायदा वाचून आले आहे, म्हणून. जिच्या घरी अशी नणंद नाही तिने काय करायचे?

महोदय, आपल्या संविधानाचे 47वे कलम मी यानिमित्ताने पुन्हा काढून वाचले. दारूबंदीच्या संदर्भात त्याचा उल्लेख नेहमी होतो. पण त्या कलमात आधी काय आहे? लोकांचे पोषणमान उंचावणे, राहणीमान सुधारणे आणि सार्वजनिक आरोग्याची सुधारणा करणे ही राज्याची प्राथमिक कर्तव्ये आहेत, असे ते सांगते, आणि त्यानंतर मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचे सांगते. ज्यांनी हे कलम लिहिले त्यांना पोषण आणि दारू हे दोन विषय एकाच वाक्यात ठेवावेसे वाटले. आपल्या कारभारात मात्र दारूचे शुल्क एका खात्याकडे, पोषण दुसऱ्याकडे, डोळे तिसऱ्याकडे आणि व्यसनमुक्ती चौथ्याकडे, अशी वाटणी झाली, आणि या चारांच्या मधल्या फटीत दादासारखी माणसे पडली. मी दारूबंदीची मागणी करण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. त्या वादावर जिल्ह्याजिल्ह्यात मते वेगळी आहेत आणि माझेही मत कधी कधी डळमळते. जोवर दारू विकून शुल्क घेतले जात आहे तोवर तिने होणारे हे टाळता येण्याजोगे अंधत्व टाळावे, एवढेच मी मागते आहे.

त्यासाठी पुढील गोष्टी व्हाव्यात.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात, दारूचे व्यसन असलेल्या आणि जेवण सुटलेल्या माणसाला थायमिन, बी-12 आणि फोलिक अ‍ॅसिड (म्हणजे गोळीतले फोलेट) मिळावे, आणि त्यासाठी दारू सोडल्याची अट नसावी, असे लेखी परिपत्रक निघावे. तिन्हींचा उल्लेख मी मुद्दाम करते, कारण बी-12 कमी असताना एकटे फोलिक अ‍ॅसिड दिले तर रक्ताची तपासणी सुधारलेली दिसते आणि नसांचे नुकसान मात्र चालू राहते, हे डॉक्टरांनी मला समजावून सांगितले आहे. गोळी देताना व्यसनमुक्तीचा पत्ताही द्यावा, समुपदेशकाची वेळही द्यावी. गोळीसाठी आलेला माणूस पुन्हा येतो आणि पुन्हा येणारा माणूसच कधीतरी ऐकतो. दादा शेवटी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला तो इंजेक्शनसाठी दर आठवड्याला भेटणाऱ्या परिचारिकेच्या सांगण्यावरून, आमच्यापैकी कोणाच्याही रडण्यावरून नव्हे.

नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात आणि शिबिरांच्या तक्त्यात दोन प्रश्न आणि एक तपासणी घालावी : दारू-तंबाखू आहे का, जेवण होते का, आणि दोन्ही डोळ्यांना लाल रंग सारखा आणि ठळक दिसतो का. यासाठी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही. चष्म्याने नजर सुधारत नसेल आणि मोतीबिंदूही नसेल, तर त्या माणसाला घरी न पाठवता ठरलेल्या मुदतीत जिल्हा रुग्णालयात पाठवावे.

दारूच्या अमलाखाली किंवा दारू अचानक बंद झाल्याच्या त्रासात दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाला थायमिनचे इंजेक्शन देणे सर्व शासकीय रुग्णालयांत बंधनकारक करावे आणि ते केसपेपरवर लिहावे. एथॅम्ब्युटॉल सुरू करण्यापूर्वी, आणि नंतर दर महिन्याला औषध देताना, नजर आणि रंग तपासावेत. शासनाचे अनुदान घेणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांनी दाखल करतानाच वजन, आहार आणि डोळ्यांची नोंद ठेवावी, कारण दादाच्या केंद्रात भजन, व्यायाम, समुपदेशन सगळे उत्तम होते, पण 30 दिवसांत एकदाही कोणी त्याच्या डोळ्यांसमोर तक्ता धरला नाही.

या प्रकारच्या दृष्टिदोषाची जिल्हावार नोंद दर वर्षी प्रसिद्ध व्हावी. प्रमाणपत्राच्या खिडक्यांना अपंगत्वाच्या कारणावरून शेरे मारू नयेत असे स्पष्ट बजावावे. आणि शुल्कवाढीतून येणाऱ्या रकमेचा ठरावीक वाटा या कामासाठी राखून ठेवल्याचे पुढच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली दिसावे. तो किती असावा हे तज्ज्ञ ठरवतील; आज तो आहे की नाही हेच सामान्य माणसाला कळत नाही.

दादाची आजची स्थिती कळवते. उपचारांच्या सुरुवातीला दोन्ही डोळ्यांनी त्याला तक्त्यावरचे सर्वांत वरचे मोठे अक्षर तेवढे, म्हणजे 6/60, दिसत होते. 4 महिन्यांनी उजव्या डोळ्याची नजर 6/36 झाली, डावा तिथेच राहिला. त्यापुढे सुधारणा झाली नाही आणि आता होईल असे डॉक्टर म्हणत नाहीत. दारू सुटून 14 महिने झाले आहेत. तो वहिनीला विड्यांच्या पानांचे गठ्ठे भिजवून देतो, समोर न बघता मान थोडी वळवून माणसे ओळखतो, आणि रंग विचारला की गप्प राहतो. त्याच कारखान्यात त्याच्या मागावर आता 26 वर्षांचा एक मुलगा आहे. तोही संध्याकाळी त्याच गुत्त्यावर असतो, आणि दुपारचा डबा पुष्कळदा तसाच परत नेतो, असे दादाने मला परवा सांगितले. त्या मुलाला आमच्या वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रात थायमिनच्या गोळ्या कोणत्या तारखेपासून मिळतील, एवढे आपल्या खात्याने मला लेखी कळवावे. मी दादाला ते पत्र वाचून दाखवीन, आणि तो मुलाला घेऊन जाईल.

आपली नम्र,
सोलापूरमधील एक शिक्षिका